जमिनीत आहे ते पिकाला का मिळत नाही?

सोयाबीन पेरून महिना-सव्वा महिना झालेला असतो. पाऊस आठवडाभर लागून राहतो आणि मग उघडीप पडते. अशा वेळी कळंब, उमरगा, लोहारा या बाजूच्या भारी रानांतून एक देखावा पुष्कळदा दिसतो. पिकाचे शेंडे पिवळे पडतात. खालची जुनी पाने हिरवी असतात. कोवळ्या पानांच्या मात्र शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळाफटक. शेतकरी म्हणतो, पिकाला भूक लागली. तो युरियाचे आणखी एक पोते आणून टाकतो. पैसे जातात, पिवळेपणा जात नाही. कारण ही भूक बहुधा नत्राची नसते, लोहाची असते. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात; लोह कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने. आणि नवल असे की, ज्या काळ्या खडकापासून ही जमीन घडली, त्या खडकात लोहाची संयुगे वजनाने शेकडा दहाच्या घरात आहेत. लोखंडाच्या राशीवर उभे असलेले पीक लोहावाचून उपाशी राहते.

हे कोडे समजून घ्यावयाचे तर आपल्याकडील जुन्या पेवाची आठवण करावी. पेवात ज्वारी भरपूर आहे; पण पेवाचे तोंड लिंपून बंद केलेले आहे आणि घरातल्या डब्यात आज पीठ नाही. अशा घराला श्रीमंत म्हणावे की उपाशी? जमिनीचेही तसेच आहे. जमिनीत अन्नद्रव्य असणे आणि ते पिकाला मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमधले अंतर किती, हे जमिनीच्या जातीवर ठरते. एवढा एकच मुद्दा आम्हाला येथे मांडावयाचा आहे. तो मांडण्यासाठी आम्ही धाराशिव जिल्ह्याचा दाखला घेत आहोत, कारण एकाच खडकापासून किती तऱ्हेच्या जमिनी होतात आणि त्यांच्या खोडी किती भिन्न असतात, हे येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळते.

या जिल्ह्याचे शासकीय नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद असे होते. बालाघाटच्या डोंगररांगा त्याच्या अंगावरून गेल्या आहेत. उत्तरेस मांजरा, पश्चिमेस परंड्याच्या बाजूला सीना, आणि जिल्ह्यातच उगम पावून तेरवरून पुढे जाणारी तेरणा, या येथल्या मुख्य नद्या होत. खाली सर्वत्र खडक एकच, तो म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण. हा खडक ऊन-पावसाने झिजला. डोंगरमाथ्यावर व उतारावर जी माती झाली, तिच्यातील बारीक गाळ पावसाबरोबर खाली गेला आणि वर मुरूम व जाडीभरडी माती राहिली. ती बरड किंवा हलकी जमीन. कोठे वीतभर, कोठे त्याहूनही कमी. उताराच्या पायथ्याशी हातभर-दीड हात खोलीची मध्यम जमीन. आणि नदीकाठच्या सखल भागात, जेथे शतकानुशतके गाळ येऊन बसला, तेथे पुरुषभर खोल अशी भारी काळी जमीन. तेर म्हणजेच प्राचीन तगर. तेथून भडोच बंदराकडे साधे कापड व मलमल जात असे, अशी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तेव्हा या भागाचा लौकिक काही आजचा नव्हे.

आता पीक अन्न कसे खाते ते पाहू. मूळ माती खात नाही. मातीच्या कणांभोवती जे पाणी असते, त्यात विरघळलेली द्रव्येच मुळाला घेता येतात. नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये अधिक प्रमाणात लागतात. चुना, मॅग्नेशियम व गंधक ही मध्यम प्रमाणात, तर लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन इत्यादी अगदी अल्प प्रमाणात लागतात. पण अल्प लागते म्हणून ते नसले तरी चालते, असे नाही. कार्ल श्प्रेंगेल आणि त्यानंतर युस्टुस लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे सांगून ठेवले की, जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत तोकडे, तेच पिकाचे उत्पन्न ठरविते. बाकीची कितीही घाला, ती पडून राहतात. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६० च्या दशकात पंतनगर येथे दाखवून दिले की, तराईतील भाताचा ‘खैरा’ नावाचा रोग हा वस्तुतः रोग नसून जस्ताची उणीव आहे. ज्यावर औषधे शोधली जात होती, तो आजार जस्ताच्या फवाऱ्याने बरा झाला.

येथून पुढे काळ्या जमिनीची गोष्ट सुरू होते. काळा पाषाण कमी पावसाच्या उष्ण मुलुखात झिजला की, त्यातील चुना, मॅग्नेशियम ही द्रव्ये धुपून समुद्राकडे न जाता तेथेच राहतात आणि त्यांच्या सान्निध्यात एक विशेष प्रकारची चिकणमाती तयार होते. तिचे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. पाणी मिळाले की पापुद्रे फुगतात, वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात आपल्या रानांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. अशा एक ग्रॅम मातीचे आतले व बाहेरचे पृष्ठ मोजले तर ते सातशे चौरस मीटरांच्या आसपास भरते. या पृष्ठावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे चुना, मॅग्नेशियम, पालाश, अमोनिया यांचे धनभारित कण तेथे चिकटून राहतात. मूळ आपल्याकडील हायड्रोजनचा कण देते आणि बदल्यात अन्नाचा कण घेते. हा व्यवहार अहोरात्र चालू असतो. शिवाय एक मीटर खोलीची भारी जमीन सुमारे २०० मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. म्हणून तर पावसाळा संपल्यावर पेरलेली ज्वारी केवळ मुरलेल्या ओलीवर पोसते. काळीला आपल्या लोकांनी आई म्हटले आहे ते उगाच नव्हे.

परंतु याच काळीचा दुसरा स्वभाव कमी लोकांच्या ध्यानात असतो. न धुपलेला चुना जमिनीत चुनखडीच्या रूपाने राहतो. नांगरटीत पांढरे खडे वर येतात, विहीर खणताना त्यांचा थरच लागतो. चुन्यामुळे जमिनीचा सामू चढतो. सामू ७ असेल तर जमीन ना आंबट ना खारी. आपल्या काळ्या जमिनींचा सामू सामान्यतः साडेसात ते साडेआठ या दरम्यान असतो. आकडा लहान दिसतो, पण या मापाची पायरी दहापटीची आहे. सामू एकाने वाढला की पाण्यात विरघळलेले जस्त सुमारे शंभरपटीने कमी होते आणि लोह सुमारे हजारपटीने. लोखंडाच्या राशीवर सोयाबीन का पिवळे पडते, याचे उत्तर येथे आहे. लोह नाहीसे झालेले नसते, ते गंजाच्या रूपात घट्ट बसलेले असते. पाऊस लागून राहिला की भर पडते, कारण पाण्याने भरलेल्या मातीत हवा राहत नाही, मुळे गुदमरतात, आणि मातीतील पाण्यात बायकार्बोनेट वाढून लोहाची वाट आणखी अडते.

स्फुरदाचे तसेच. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमधील स्फुरद पाण्यात विरघळणारे असते. पण चुनखडीच्या जमिनीत पडताच त्याचा बराच भाग चुन्याशी जखडला जातो आणि हळूहळू दगडासारखा होतो. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला साधारण पाचवा हिस्सा येतो. त्यातून स्फुरदाला चालता येत नाही. मातीत ते मोठ्या कष्टाने काही मिलिमीटर सरकते. म्हणून वर फेकलेला स्फुरद वरच राहतो आणि रब्बीत वरचा थर वाळला की तो असून नसल्यासारखा होतो. युरियाची गत निराळी. तो वर फेकून तसाच ठेवला तर चढ्या सामूमुळे त्यातील नत्र अमोनियाचा वायू होऊन उडून जाते. पाणी साचलेल्या रानात तर आणखी एका वाटेने हवेत जाते. शेतकऱ्याचा पैसा असा कधी जमिनीत कैद होतो, तर कधी आकाशात विरतो.

बरड जमिनीचे दुखणे याच्या उलट आहे. भूम, वाशी, तुळजापूर यांच्या माळांवर चिकणमाती थोडी, मुरूम जास्त. तेथे द्रव्य जखडले जाण्याची भीती कमी. पण धरून ठेवणारेही कोणी नाही. नत्राचे नायट्रेट हे ऋणभारित असते, ते कोणत्याच मातीला चिकटत नाही. बरडात तर एका जोरदार पावसाने ते मुळांच्या खाली निघून जाते. पाऊस दहा दिवस ओढला की ओल संपते, आणि ओल संपली की मातीतले अन्नही थांबते. कारण वर सांगितलेच आहे की पीक अन्न पिते, खात नाही. अशा जमिनीला भारी जमिनीइतकी खताची पोती एकदम घालणे म्हणजे फुटक्या रांजणात घागरी ओतणे होय. तेथे नत्र थोडेथोडे, दोन-तीन हप्त्यांनी, ओल पाहून द्यावे. आणि पाण्याची जी हमी नाही, तिच्या मापानेच खर्चही करावा.

तिसरी जात चोपणाची. पाण्याची सोय झाली की ऊस आला, आणि निचरा नसलेल्या भारी जमिनीत पाणी सारखे भरत राहिले की सोडियमचे क्षार साठू लागतात. चुन्याची जागा सोडियमने घेतली की चिकणमातीचे कण सुटे होतात, मातीतील छिद्रे बुजतात, पाणी वर तळ्यासारखे उभे राहते आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. सामू साडेआठाच्या वर जातो. अशा जमिनीत खत घालणे व्यर्थ आहे. आधी चर खणून निचरा करावा, मग जिप्सम घालून सोडियमला हुसकावे आणि चांगल्या पाण्याने धुऊन काढावे. निचऱ्यावाचून जिप्सम टाकले तर सुटलेला सोडियम जाणार कोठे?

या तिन्ही जातींना लागू पडणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सेंद्रिय द्रव्य. काळी जमीन काळी दिसते म्हणून ती कुजक्या पाल्यापाचोळ्याने भरलेली असेल, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय द्रव्य झपाट्याने जळून जाते आणि कोरडवाहू काळ्या जमिनीतही सेंद्रिय कर्ब पुष्कळदा शेकडा अर्ध्याहून कमी भरतो. जो थोडा असतो तो चिकणमातीशी घट्ट बांधला गेल्याने रंग गडद दिसतो. तथापि हा थोडका कर्ब फार मोलाचा आहे. शेणखत कुजताना जी सौम्य आम्ले निघतात, ती लोह व जस्त यांना कवेत घेऊन पाण्यात ठेवतात आणि स्फुरदाची चुन्याच्या हातून थोडीफार सुटका करतात. बरडात हेच खत ओल व अन्न धरून ठेवते. म्हणजे काळीला ते सोडवावयास उपयोगी पडते, तर बरडाला धरावयास.

शेणखत कोठून आणावयाचे, हा प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, उकिरडे आटले. पण हा जिल्हा पशुधनाला परका नाही. उस्मानाबादी शेळी येथलीच आणि भूमच्या बाजूचा खवा प्रसिद्ध आहे. ज्या माळावर पीक धड येत नाही त्या माळाचे गवत-झुडूप जनावरे खातात आणि लेंडी-शेणाच्या रूपाने रानात आणून टाकतात. शेतात मेंढरे बसविण्याची जुनी चाल हाच व्यवहार होता. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व मूत्रमिश्रित माती यांचे थर देऊन कंपोस्ट करण्याची पद्धत बसविली आणि १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली. सोयाबीनचे भुसकट, तुरीच्या काड्या, उसाचे पाचट यांना काडी लावणारा शेतकरी त्यांतील नत्र व गंधक हवेत घालवितो आणि पुढच्या महिन्यात तेच दुकानातून विकत आणतो.

पिकांचाही यात वाटा आहे. पहाटे हरभऱ्याच्या पानांवरून ओले फडके फिरवून आंब धरण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. असाच आंबटपणा हरभऱ्याची मुळे जमिनीत सोडतात आणि चुन्याशी जखडलेला स्फुरद त्यामुळे सुटतो. हैदराबादजवळील पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतील संशोधनातून १९९० साली असे पुढे आले की, तुरीच्या मुळांतून निघणारे एक आम्ल लोहाशी जखडलेला स्फुरद सोडविते. तो प्रकार तांबड्या जमिनींत विशेष उपयोगी पडतो, तर काळ्या चुनखडीच्या जमिनीत हरभरा अधिक सरस. आपले लोक ज्याला बेवड म्हणतात, अमुक पिकानंतर तमुक पीक चांगले येते असे सांगतात, त्याच्या मुळाशी अशी कारणे आहेत. सोयाबीनमागून सोयाबीन घेत राहिल्याने हा लाभ हातचा जातो.

धूप हा याच हिशेबातला सर्वांत मोठा तोटा. पावसाबरोबर वाहून जाते ती बारीक चिकणमाती आणि तिच्याशी बांधलेला कर्ब, म्हणजे जमिनीचे कोठारच. जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगरावरून वाहून येणारी खतावळ माती शेतात अडावी म्हणून ताली-बंधारे घालण्याचा आग्रह धरला आहे. शेजारच्या सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. ना. वि. कानिटकर यांच्या त्या कामातही बांधबंदिस्ती व शेणखत यांवरच भर होता. गेलेले एक पोते खत पुन्हा विकत घेता येईल. गेलेली इंचभर माती घडावयास शतके लागतात.

मग शेतकऱ्याने करावे काय? पहिली गोष्ट, आपल्या रानाचे भाग ओळखावे. एकाच गटात वरचा तुकडा बरड आणि खालचा भारी असतो. त्यांचे खत एक असू शकत नाही. दुसरी, माती तपासून घ्यावी. प्रयोगशाळा जमिनीत एकूण किती आहे ते मोजीत नाही, पिकाला मिळण्याजोगे किती आहे ते मोजते. चुनखडीच्या जमिनीतील स्फुरद मोजण्याची ऑल्सेन यांची १९५४ ची रीत आणि जस्त-लोह मोजण्याची लिंडसे व नॉरवेल यांची १९७८ ची रीत, या दोन्ही याच हेतूने निघाल्या. दहा लाख भाग मातीत मिळण्याजोगे जस्त ०.६ भागांहून आणि लोह ४.५ भागांहून कमी असेल तर ती उणीव समजतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत अशा १२ बाबींची नोंद असते. ती पत्रिका पेटीत ठेवण्यासाठी नाही, दुकानात जाताना बरोबर नेण्यासाठी आहे.

तिसरी गोष्ट, खत द्यावे ते जमिनीचा स्वभाव पाहून. भारी चुनखडीच्या रानात स्फुरद फेकू नये; दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली ओलीत पेरावा. सोयाबीनसारख्या गळिताच्या पिकाला सुपर फॉस्फेट बरे, कारण त्यात स्फुरदाबरोबर गंधकही असतो. डीएपीत तो नसतो. सोयाबीन मुळांवरील गाठींतील जिवाणूंकडून हवेतले नत्र मिळविते. त्याला युरिया फार झाला तर गाठींचेच काम मंदावते. शेंडे पिवळे पडले तर हिराकशीचे अर्धा टक्का द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, पानांवर फवारावे. हिराकस नुसती जमिनीत टाकली तर तीही गंजून बसते, शेणखतात मिसळून दिली तर टिकते. जस्ताची उणीव दिसली तर हेक्टरी २५ किलोच्या आसपास झिंक सल्फेट द्यावे, मात्र स्फुरदाच्या खतात मिसळून देऊ नये. युरिया मातीआड करावा आणि वाफसा पाहून द्यावा.

हे सारे वाचताना कोणी म्हणेल, एवढा हिशेब लहान शेतकऱ्याने का करावा? आमचे उत्तर असे की, हिशेब लहान शेतकऱ्यानेच केला पाहिजे. मोठ्याचे एक पोते वाया गेले तर त्याला ते जाणवत नाही. पावसाच्या भरवशावरच्या पाच एकरांत उधारीने आणलेले पोते वाया गेले तर ते व्याजासह डोक्यावर राहते.

वसंत व्याख्यानमालेचे हे दिवस शेतकऱ्याच्या सवडीचे असतात. रब्बीची रास झालेली, रान मोकळे, भेगा पडलेल्या. माती तपासावयास हीच वेळ योग्य. एका जातीच्या तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा घ्याव्या. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याची जागा टाळावी. पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल पाचरीसारखा खड्डा करावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. सगळी एकत्र मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावे आणि उरलेली अर्धा किलो माती सावलीत वाळवून चिठ्ठीसह कापडी पिशवीत भरावी. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी खात्याच्या प्रयोगशाळेकडे चौकशी करून ती मृगाच्या आधी पोचती करावी, म्हणजे पोते घेण्यापूर्वी उत्तर हाती येईल.